हिवाळी सायकलिंगची निवड: आधी बोटं, शेवटी जॅकेट

थंडीत सायकल चालवण्यासाठी कपडे निवडायला घेतले की बहुतेकांचा पहिला हात जॅकेटकडे जातो. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी हाताची बोटं, मग पावलं, मग कान, मान आणि डोळे, मग गुडघे-मांड्या, आणि छाती-पाठ सगळ्यात शेवटी. पेडल मारताना आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचवतात, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. पेडलवर १५० वॉट लावणारा माणूस अंगातून ४५० ते ६०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. धडाला ती पुरून उरते. बोटांपर्यंत मात्र पोचत नाही, कारण सायकलवर हात आणि पावलं वाऱ्याच्या तोंडी असतात आणि जवळजवळ हलतही नाहीत: हात हँडलबार धरून बसलेले, पावलं बुटात आवळलेली. त्यात गारठा वाढला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. म्हणून सर्वांत जाड जॅकेट घेतलेला माणूस पाठीवर घामाने थबथबलेला आणि बोटांनी बधिर, असा एकाच वेळी दोन्हीकडून हैराण झालेला दिसतो.

कपड्यांच्या आधी तापमानाचा आकडा ठरवावा लागतो. हवामानाच्या अंदाजातलं तापमान आडोशाला ठेवलेल्या तापमापीचं असतं. सायकलस्वार मात्र आपला वारा आपणच तयार करत जातो. अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलेल्या विंड चिलच्या (वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या) सूत्राने हिशेब केला, तर ५ अंश सेल्सिअसला ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला शून्यासारखं लागतं, शून्याला ताशी २५ च्या वाऱ्यात उणे ६ सारखं, आणि उणे १० ला ताशी २० च्या वाऱ्यात उणे १८ सारखं. त्या सूत्रात वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरतात. चेहऱ्याच्या उंचीवर नेहमीचा वारा त्याहून मंद असतो, सायकलच्या वेगाने येणारा वारा मात्र पुरा तोंडावर येतो. तेव्हा सायकलवर थंडी या आकड्यांपेक्षा थोडी जास्तच झोंबते असं समजावं. हे सगळं उघड्या त्वचेचं गणित आहे. वारा अडवणारं पातळ कापड मध्ये आलं की त्यातला मोठा भाग गळून पडतो. म्हणूनच थंडीच्या कपड्यात मी जाडीच्या आधी 'वारा अडतो का' हे बघतो. कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारायची. पलीकडे हवा लागली, तर ते कापड बाहेरच्या थराला चालणार नाही.

दुसरा हिशेब रस्त्याचा. चढावर वेग ताशी १० आणि अंगात उष्णतेचा पूर. त्याच चढाच्या पलीकडे वेग ताशी ५० आणि पेडल जवळजवळ बंद. इटलीतल्या जिरो दी इटालिया या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत १९८८ साली ५ जूनला गाविया खिंडीवर बर्फ पडत होता. चढावर आघाडीला असलेला योहान व्हॅन डर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत माथ्यावर पहिला पोचला आणि उतारावर गारठून पार मागे पडला. अँडी हॅम्पस्टनच्या संघाने त्याच सकाळी स्कीच्या दुकानांतून हातमोजे, टोप्या असं उबदार सामान गोळा करून ठेवलं होतं. टप्पा एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, पण एकूण आघाडीची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनकडे गेली आणि स्पर्धा संपेपर्यंत त्याच्याच अंगावर राहिली. निवड करताना मी फेरीतला सर्वांत थंड तुकडा शोधतो. बहुधा तो एखादा लांब उतार असतो, नाहीतर सूर्य मावळल्यानंतरचा परतीचा रस्ता. बोटं, पावलं आणि चेहरा त्या तुकड्यासाठी झाकायचे. धडाचे कपडे मात्र चढाच्या हिशेबाने घालायचे आणि उतारासाठीचा एक थर खिशात ठेवायचा.

आता हातमोजे. ढोबळ मानाने १५ ते १० अंशांत पूर्ण बोटांचे पातळ मोजे पुरतात, १० ते ५ मध्ये वारा अडवणारे, ५ ते ० मध्ये आत लव असलेले जाड. शून्याखाली पाच बोटं वेगळी ठेवण्यात अर्थ उरत नाही. तिथे दोन-दोन बोटं एकत्र राहणारे, खेकड्याच्या नांगीसारखे दिसणारे मोजे घ्यावेत, कारण शेजारशेजारची बोटं एकमेकांना गरम ठेवतात आणि ब्रेकसाठी दोन बोटं मोकळीही राहतात. उणे ५ च्या खाली अंगठा सोडून सगळी बोटं एकत्र असलेले मिटन, किंवा हँडलबारवरच बसवायच्या पिशव्या. हे आकडे माणसागणिक सहज पाच अंश इकडेतिकडे होतात. ज्यांची बोटं गारठ्यात पांढरी पडून दुखतात, त्यांनी सरळ एक पायरी पुढचे मोजे घ्यावेत.

मोजे उभ्याउभ्या घालून बघण्यात अर्थ नाही. बार धरल्यासारखी मूठ वळायची. मूठ वळल्यावर बोटाचं टोक मोज्याच्या शेवटाला टेकत असेल, तर माप लहान आहे. तिथे अस्तर दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि टोकं आधी बधिरतात. दोन-चार मिलीमीटर मोकळी जागा हवी. मग तीन कामं करून बघायची: जॅकेटची झिप लावणं-काढणं, एका बोटाने ब्रेक दाबणं, गिअर बदलणं. रोड बाइकच्या लीव्हरमध्ये ब्रेकची आणि गिअरची पट्टी एकमेकींना चिकटून असते, जाड मोज्यात दोन्ही एकदम दाबल्या जातात. ब्रेक लीव्हर बारपासून किती लांब राहावा हे ठरवणारा छोटा स्क्रू बहुतेक लीव्हरवर असतो. हिवाळ्याचे मोजे घालूनच तो एकदा लावून घ्यावा.

वॉटरप्रूफ मोज्यांचं एक दुखणं दुकानात कळत नाही. त्यांच्या आत पाणी अडवणारी पातळ पिशवी असते आणि तिच्या आत अस्तर. स्वस्तातल्या मोज्यांत हे थर बोटांच्या टोकाला नीट जोडलेले नसतात. ओला हात बाहेर ओढला की अस्तर उलटं होऊन बाहेर येतं आणि मग थंडीत बोटं परत आत शिरत नाहीत. विकत घेण्याआधी हात किंचित ओला करून मोजा घालावा, काढावा आणि पुन्हा घालावा. दुकानदाराला आवडणार नाही, पण हीच परीक्षा खरी. मनगटाचंही ठरवावं लागतं. कोरड्या थंडीत मोज्याची लांब कफ बाहीच्या वरून घ्यायची, म्हणजे वारा बाहीत शिरत नाही. पावसात उलट: सायकलवर मनगट कोपराच्या खाली असतं, बाहीवरचं पाणी ओघळत मोज्यात जातं, म्हणून बाही कफच्या वर.

उणे तापमानात रोज जाणाऱ्यांनी बारवरच्या पिशव्यांचा विचार आधी करावा, मोज्यांचा नंतर. जाड निओप्रीनच्या (पाणबुड्यांच्या पोशाखाच्या फेसाळ रबराच्या) या पिशव्या हँडलबार, लीव्हर आणि मनगट असं सगळं झाकतात. आत साधा पातळ मोजा पुरतो आणि ब्रेक-गिअर बोटांना नीट जाणवतात. सरळ बारवर त्या सहज बसतात. वाकड्या बारसाठी वेगळ्या आकाराच्या मिळतात आणि त्यात हाताची जागा बदलायला फारसा वाव राहत नाही. दिसायला त्या बेढब आहेत, आणि केवळ त्यापायी त्या न घेणारे लोक भरपूर आहेत.

हातात ठेवायच्या गरम पुड्यांबद्दल एकच सांगायचं. त्यांत लोखंडाची भुकटी असते आणि तिचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता मिळते. वेष्टन फोडून लगेच घट्ट, वाराबंद मोज्यात कोंबली तर हवा न मिळाल्याने पुडी थंडच राहते. दहा-पंधरा मिनिटं आधी उघडावी आणि तळव्याऐवजी हाताच्या पाठीवर ठेवावी, म्हणजे पकडीत अडथळा येत नाही. धातूच्या ब्रेक लीव्हरवर, बोटं टेकतात तेवढ्या भागावर कापडी टेप गुंडाळली तर त्याचाही उपयोग होतो. हे सगळं करून बोटं गेलीच, तर उतरून हात पूर्ण लांब करून जोराने गोल फिरवावेत. रक्त टोकांकडे ढकललं जातं आणि मिनिटभरात मुंग्या येऊ लागतात. बोटांशी हयगय करू नये. बेल्जियममधल्या लिएज-बॅस्तोन-लिएज शर्यतीत २० एप्रिल १९८० ला बर्फ इतका पडला की १७४ पैकी २१ जणच शेवटपर्यंत पोचले. बर्नार इनोने ती नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली, आणि त्याच्या दोन बोटांवरचा परिणाम कायमचा राहिला.

पावलांच्या बाबतीत लोक चुकतात ते हमखास एकाच जागी: नेहमीच्या बुटात जाड पायमोजे. बूट आवळला जातो, रक्त अडतं, पायमोज्यातली हवा दाबून निघून जाते आणि पाऊल आधीपेक्षा जास्त गार पडतं. बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. हिवाळ्यासाठी वेगळे बूट घेणार असाल तर अर्धं माप मोठं घ्या. असलेलेच वापरायचे असतील तर मध्यम जाडीचा लोकरी पायमोजा घाला आणि काम बुटाच्या तळाशी करा. सायकलच्या बुटाचा तळवा कडक असतो, त्याला हवेसाठी भोकं असतात आणि क्लीटचे, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याचे, धातूचे स्क्रू आरपार जातात. गारठा तिथूनच चढतो. आतला इनसोल काढावा, भोकांवर आणि क्लीटच्या खाचेवर आतून जाड टेप लावावी आणि मूळ इनसोलच्या जागी नमद्याचा किंवा चंदेरी थराचा हिवाळी इनसोल टाकावा. इनसोल जाड असेल तर पुन्हा बूट आवळत नाही ना, ते बघावं. क्लीटचं एक भोक उघडं ठेवून आत पाणी शिरू देणारे लोक वरून भारी कव्हरं घालून फिरताना मी पाहतो.

बुटावरच्या कव्हरांचे तीन प्रकार उपयोगाचे. फक्त चवड्यावर बसणारी टोपी १० अंशांच्या आसपास. वारा अडवणारं, आतून लव असलेलं पूर्ण कव्हर कोरड्या थंडीत. आणि तीन ते पाच मिलीमीटर जाडीचं निओप्रीन ओल्या थंडीत, कारण ओलं झालं तरी त्यातले हवेचे बुडबुडे ऊब धरून ठेवतात. निओप्रीनमधून घाम मात्र बाहेर जात नाही. पाऊस असेल तर कव्हराची वरची कडा टाइट्सच्या (पायांना घट्ट बसणाऱ्या लांब विजारीच्या) आत घ्यायची. कडा बाहेर राहिली तर पायावरून येणारं पाणी आत जमतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. ही कव्हरं चवड्याखाली आणि टाचेखाली फाटतात, चालण्याने. सायकल हातात घेऊन बरंच चालावं लागणार असेल तर रबरी तळ असलेली बघा.

उणे ५ च्या खाली नियमित जायचं असेल तर कव्हरांच्या खटपटीपेक्षा घोट्यापर्यंतचे हिवाळी सायकल बूट बरे. किंवा सपाट पेडल आणि चालण्याचे गरम बूट. क्लीट सोडण्यात कमीपणा काही नाही. निसरड्यावर पाय पटकन टेकतो, हा वरचा फायदा. बूट रात्रभर थंड जागी ठेवू नयेत, खोलीच्या तापमानाला असावेत. पाऊल कोरडं करून, निघायच्या अगदी आधी ते चढवावेत. पातळ पायमोजा, त्यावर साधी प्लास्टिक पिशवी, त्यावर जाड पायमोजा असा क्रम केला तर पावलाचा घाम जाड मोज्यात मुरत नाही आणि ऊब टिकते. लांब फेरीत याने फरक पडतो. आत पाऊल ओलसर राहतं, ते सोसावं लागतं. पावलं सुन्न झाली तर उतरून पाच मिनिटं चढावर चालणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे खरं नाही. डोक्याचा वाटा साधारण त्याच्या पृष्ठभागाएवढाच, दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पण टोपी चटकन काढता-घालता येते म्हणून ऊब कमीजास्त करायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. हेल्मेटखालची टोपी पातळ हवी. जाड कानटोपी घातली की हेल्मेट डोक्यावर उंच बसतं, मागे सरकतं आणि पडल्यावर काम देत नाही. टोपी घालून हेल्मेटचे पट्टे नव्याने जुळवावे लागतात. काही हेल्मेटांतल्या गाद्या पातळ गाद्यांनी बदलता येतात. कानांवर शिवण येणार नाही अशी टोपी निवडा, तासाभराने ती शिवण टोचते.

मानेभोवती नळीसारखा कापडी बफ. तोंडावर घेतला की श्वासाची वाफ त्यातच जिरते आणि शून्याखाली तो कडक होतो, म्हणून खिशात दुसरा असावा. तो नाकावर ठेवला की चष्म्यावर धुकं येतं. नाकाखाली ओढून ठेवला तर श्वास खालच्या बाजूला जातो. थंड कोरड्या हवेने ज्यांच्या श्वासनलिका आवळतात, त्यांनी तोंडावर कापड ठेवणं सोडू नये आणि औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. चष्म्याच्या वर आणि खाली हवा जायला फट असलेली रचना बरी. सिग्नलला थांबलं की चष्मा नाकावर थोडा पुढे ओढायचा, चाललं की मागे. उजेडानुसार रंग बदलणाऱ्या काचा गारठ्यात जास्त गडद होतात आणि पुन्हा फिक्या व्हायला वेळ लावतात. बोगद्यांच्या आणि झाडीच्या रस्त्यावर साधी पारदर्शक काच बरी. उणे १५ च्या आसपास स्कीचा गॉगल घ्यावा.

पायांचं लवकर आटपतं. मांड्या स्वतःच उष्णता तयार करतात, पण गुडघ्यावर मांस नाही, नुसती कातडी, हाड आणि स्नायुबंध. १५ अंशांच्या खाली मी गुडघे उघडे ठेवत नाही, तरण्या पोरांना पटत नसलं तरी. १० अंशांपर्यंत शॉर्ट्स आणि वर पायांचे सुटे वॉर्मर, त्याखाली आतून लव असलेल्या खांद्यापट्ट्यांच्या टाइट्स. कमरेला इलॅस्टिक असलेल्या टाइट्स वाकल्यावर खाली सरकतात आणि पाठीच्या तळाशी थंड पट्टा उघडा पडतो, म्हणून खांद्यापट्ट्या. गादी नसलेल्या टाइट्स घेतल्या तर आतली शॉर्ट्स रोज धुता येते आणि टाइट्स दोन-तीन फेऱ्या चालतात. समोरच्या बाजूला वारा अडवणारं कापड असलेल्या टाइट्स शून्याजवळ लागतातच. पुरुषांनी जांघेच्या समोरच्या भागाची वेगळी काळजी घ्यावी. तिथे रक्तपुरवठा कमी, वारा थेट आणि दुखणं घरी पोचल्यावर कळतं. समोर वाराबंद पट्टी असलेली अंतर्वस्त्रं याच कामासाठी मिळतात.

आणि आता धड. इथे निवडीचा सगळा प्रश्न घामाचा आहे. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओला थर अंगाला चिकटला की वरच्या कितीही जाड कपड्याची किंमत उरत नाही. म्हणून अंगालगतचा थर सुती नको, एवढं पक्कं. सूत घाम पितं आणि सोडत नाही. पॉलिएस्टरचे धागे स्वतः जवळजवळ पाणी शोषतच नाहीत, घाम पृष्ठभागावर पसरून लवकर उडतो, पण वास राहतो. मेरिनो लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प आत घेऊनही हाताला कोरडा लागतो, वास कमी येतो, मात्र पूर्ण भिजली तर वाळायला वेळ लागतो. जोरात, तासाभराच्या फेरीला पॉलिएस्टर, दिवसभराच्या संथ फेरीला १५० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाची मेरिनो, असं मी वाटून घेतो. तिसरा पर्याय जाळीच्या बनियनचा. मोठ्या भोकांच्या जाळीत हवा अडकते, घाम वरच्या थरात जातो आणि अंगाला ओलं कापड फार थोड्या जागी टेकतं. खूप घाम येणाऱ्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. पहिला थर कुठलाही असो, तो अंगाला घट्ट हवा. ढगळ राहिला तर घाम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मधल्या थराला आतून लव असलेली लांब बाह्यांची जर्सी पुरते. वरच्या थरात खरी गोम आहे. समोरून वाराबंद आणि पाठीकडून, काखेत हवा जाऊ देणारं जॅकेट कोरड्या थंडीत सर्वांत उपयोगी. पाठीवर वारा लागतच नाही, तिथे वाराबंद कापड लावणं म्हणजे घाम कोंडणं. वॉटरप्रूफ जॅकेट लोक रोज घालतात आणि मग ते आतून भिजतात, गळतंय असं समजून दुसरं आणतात. त्या जॅकेटच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मिलीमीटरचा आकडा कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी आत येत नाही ते सांगतो. ग्रॅमचा आकडा चौरस मीटरमागे २४ तासांत किती बाष्प बाहेर जातं ते सांगतो. दुसरा आकडा प्रयोगशाळेतला आहे. चढावर माणूस घामाचं जितकं पाणी सोडतो, त्याला कुठलंही पाणीबंद कापड पुरं पडत नाही. तिथे झिपाच कामाला येतात: काखेतल्या, आणि पुढची खालूनही उघडणारी. मुसळधार पाऊस नसेल तर वॉटरप्रूफ अंगावर नको, पिशवीत असू दे.

जॅकेट घालून बघायचं ते बार धरल्यासारखं पुढे वाकून. बाही मनगटाच्या पुढे राहिली पाहिजे, पाठीची कडा कमरेखाली, गळ्याखाली कापडाचा फुगा येता कामा नये. सरळ उभं राहिल्यावर चांगलं बसणारं जॅकेट सायकलवर बहुधा चुकीचंच असतं. एकच जास्तीची वस्तू घ्यायची तर बिनबाह्यांचं वाराबंद जाकीट घ्यावं. मुठीएवढ्या घडीत खिशात जातं आणि माथ्यावर अर्ध्या मिनिटात अंगावर येतं. ते नसेल तर वर्तमानपत्र. खिंडीच्या माथ्यावर घडी छातीशी, जर्सीच्या आत सरकवायची शर्यतपटूंची जुनी रीत अजूनही तितकीच कामाची आहे. पिसांचं फुगीर जॅकेट चालवताना घालू नये. ते पंक्चर काढताना लागतं.

सगळ्यात अवघड दिवस उणे दहाचा नसतो. दोन-तीन अंश आणि पाऊस, हा सगळ्यात वाईट. उणे दहाला सगळं कोरडं राहतं. अशा पावसात तासाभरात काहीतरी भिजतंच. म्हणून मडगार्ड हा माझ्या लेखी कपड्यांचाच भाग आहे. पुढच्या चाकाचा फवारा थेट पावलांवर येतो. मडगार्डला जमिनीपासून थोड्याच अंतरावर संपणारी रबरी पट्टी लावली तर बुटाच्या कव्हराचं अर्धं काम वाचतं. सोबत हातमोज्यांची दुसरी जोडी, पायमोजे आणि बफ घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत.

चाकांचं थोडक्यात. घरात २० अंशाला ५ बार दाबाने भरलेला टायर बाहेर उणे ५ ला साधारण साडेचार बार होतो. पकडीसाठी थंडीत दाब कमीच ठेवतात, पण तो मोजून कमी केलेला असावा. रस्त्यावर काळा बर्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ थर, असेल तर टंगस्टन कार्बाइडच्या खिळ्यांचे टायर, आणि एकच घेता येत असेल तर तो पुढच्या चाकाला. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. नवे खिळे बसायला पहिले ४० एक किलोमीटर जोरात ब्रेक न लावता चालवावेत. फ्रीहबमधलं (मागच्या चाकाच्या मध्यातला, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) जाड ग्रीस उणे दहाच्या पुढे घट्ट होतं, आतल्या खिट्ट्या अडकतात आणि पेडल दोन्हीकडे नुसतंच फिरतं. हिवाळ्याआधी तिथे पातळ ग्रीस किंवा तेल घालून घ्यावं. पाण्याची बाटली उष्णतारोधक असो वा नसो, ती उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. गॅसच्या छोट्या नळीने हवा भरताना ती नळी क्षणात गोठवणारी थंड होते, उघड्या हाताने धरू नये.

निघताना क्रम ठेवलेला बरा: टाइट्स, पहिला थर, जर्सी, मग बुटावरची कव्हरं, टोपी, हेल्मेट, आणि हातमोजे शेवटी. जॅकेट दारातच चढवावं. घरात पूर्ण कपड्यांत पाच मिनिटं रेंगाळलं की पहिला घाम तिथेच येतो. पहिली दहा मिनिटं जरा कुडकुडायला झालं पाहिजे. दारातच ऊब वाटली तर एक थर जास्त आहे. चढ लागण्याआधी झिप उघडायची, घाम आल्यावर नाही. माथ्यावर थर घालायचा तो अंग गरम असतानाच. थांबलं की दोन मिनिटांच्या आत अंगावर काही घालावं. मी एका वहीत निघतानाचं तापमान, वारा, काय घातलं होतं आणि कुठे गारठलं किंवा घामेजलं, एवढंच लिहितो. एका हंगामात स्वतःचा तक्ता तयार होतो आणि वर दिलेले माझे आकडे टाकून देता येतात.

काही खुणा दिसल्या की फेरी तिथेच थांबवायची. नाकाचा शेंडा, गाल किंवा बोटं पांढुरकी, मेणासारखी दिसणं आणि तिथली दुखण्याची जाणीवच जाणं. त्या जागी चोळू नये, बर्फाने तर नाहीच. उबेत जाऊन दुसऱ्या उबदार त्वचेने नुसतं झाकावं, संवेदना परत आली नाही तर डॉक्टर गाठावा. बोलताना जीभ जड होणं, झिप लावता न येणं, आणि हुडहुडी भरून अचानक थांबणं, हे अंगातलं तापमान घसरल्याचं लक्षण आहे. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नये. हे सोबत्याने ओळखायचं असतं, गारठलेल्याला स्वतःला कळत नाही.

परतल्यावर ओले बूट हीटरजवळ ठेवू नयेत, तळव्याचा गोंद सुटतो. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत. जॅकेट-टाइट्स धुताना कपडे मऊ करणारं द्रव वापरू नये, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम ओढला जात नाही. वॉटरप्रूफ जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे न थांबता पसरून मुरायला लागले की साध्या द्रव साबणाने धुऊन, पट्टीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवावं. थेंब पुन्हा थांबू लागतात. नाही थांबले तर पाणी झटकणारा लेप नव्याने द्यावा लागतो. आणि दिव्याची लिथियम बॅटरी बाहेरून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नये. शून्याखाली गार असलेली बॅटरी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. आधी तासभर खोलीत ठेवून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.